कारखान्यातील रसायने आणि कर्करोग: बडोद्याच्या एका कुटुंबाच्या प्रश्नांना उत्तर

दांडिया बाजार भागात राहणाऱ्या एका भगिनींनी विचारलेले प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. त्यांचे सासरे सुमारे वीस वर्षे कापडाचे रंग आणि त्या रंगांसाठी लागणारी इंटरमीडिएट (मधल्या टप्प्यातील) रसायने बनविणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, आता, त्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आहे. ते विडी ओढत असत, म्हणून घरातील सर्वांनी दोष विडीलाच दिला. यजमान बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक परिसरातील एका कारखान्यात मेंटेनन्सचे काम करतात आणि तेथे बेंझिन हाताळले जाते. वर्षातून एकदा कारखान्यात रक्त तपासतात व अहवाल नॉर्मल येतो. सासऱ्यांचा आजार कारखान्यामुळे झाला असेल का, नॉर्मल अहवाल म्हणजे यजमान सुरक्षित आहेत असे समजावे का, त्यांचे कामाचे कपडे घरी धुतल्याने लहान मुलाला काही होईल का, आणि शेवटी, ही नोकरी सोडावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. बडोद्याजवळील कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 मध्ये सुरू झाला, 1969 मध्ये आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीची स्थापना झाली आणि त्यांच्या आसपास लहानमोठ्या रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज याच उद्योगांत आहे. त्यामुळे हे प्रश्न एका घरापुरते आहेत असे मी मानत नाही आणि उत्तर थोडे विस्ताराने देतो.

सासऱ्यांपासून सुरुवात करू. रंगांच्या कारखान्यात काम करणे आणि मूत्राशयाचा कर्करोग होणे यांचा संबंध वैद्यकशास्त्राला एकशे पंचवीसहून अधिक वर्षे माहीत आहे. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी 1895 मध्ये मॅजेंटा रंग बनविणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे नोंदविले. पुढे स्पष्ट झाले की खरा दोष अॅरोमॅटिक अमाइन या गटातील काही रसायनांकडे आहे, आणि त्यांत बेंझिडीन व बीटा-नॅफ्थिलअमाइन ही दोन नावे सर्वांत महत्त्वाची आहेत. ऑर्थो-टोल्युइडीनचाही समावेश आता याच यादीत होतो. ही रसायने श्वासातून शरीरात जातात हे लोकांना पटते. मात्र ती कातडीतूनही सहज आत जातात, हे कामगारांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. पावडर चाळणे, दळणे, पिंप भरणे, फिल्टर प्रेसची कापडे हाताने खरवडणे, ही कामे ज्यांनी केली त्यांच्या नखांचे आणि तळव्यांचे रंग सुट्टीच्या दिवशीही जात नसत. अॅनिलिन या रसायनाच्या विभागात ओठ निळे पडले की कामगाराला थोडा वेळ बाहेर बसवून पुन्हा कामावर घेत, हेही जुन्या लोकांना आठवत असेल. ओठ निळे पडणे हा रक्तावर झालेला तात्काळ परिणाम असून तो एक-दोन दिवसांत ओसरतो. कर्करोग घडवून आणणारा परिणाम मात्र त्या वेळी दिसत नाही.

शरीरात गेलेले अमाइन यकृतात बदलते, मूत्रपिंडातून गाळले जाते आणि लघवीबरोबर मूत्राशयात काही तास साठून राहते. त्या तासांत त्याचे क्रियाशील रूप मूत्राशयाच्या आतील अस्तराच्या पेशींना आणि त्यांच्या डीएनएला इजा करते. ही इजा वर्षानुवर्षे साचत गेली म्हणजे कधीतरी एखादी पेशी नियंत्रणाबाहेर जाते. पहिल्या संपर्कापासून निदानापर्यंत साधारण 15 ते 40 वर्षे जातात. त्यामुळे नोकरी सुटून इतकी वर्षे झाली, आता तिचा काय संबंध, हा विचार या आजाराच्या बाबतीत चुकीचा ठरतो. उलट, एवढे अंतर असणे हेच अपेक्षित आहे. बरोबर काम करणाऱ्या इतरांना काहीच झाले नाही, हाही पुरावा होत नाही. ही अमाइन निकामी करण्याचा शरीराचा वेग माणसामाणसांत जन्मतः निरनिराळा असतो, आणि ज्यांच्यात तो मंद असतो अशा लोकांचे प्रमाण आपल्या देशात मोठे आहे.

विडीचे काय, हा प्रश्न रास्त आहे. तंबाखूच्या धुरात बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि 4-अमिनोबायफिनाइल ही याच गटातील दोन्ही द्रव्ये असतात, म्हणजे विडी आणि रंगांचा कारखाना एकाच अवयवावर एकाच प्रकारचा घाव घालतात. तेव्हा दोन्ही कारणांचा वाटा असणे पूर्णपणे शक्य आहे, आणि विडी ओढत होते म्हणून कारखान्याचा वाटा शून्य ठरत नाही. अॅस्बेस्टॉसच्या बाबतीत तर अमेरिकेतील जुन्या अभ्यासांत असे दिसले की, ज्यांना धूम्रपानही नाही आणि अॅस्बेस्टॉसचा संपर्कही नाही अशांच्या तुलनेत, केवळ अॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 5 पट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे 10 पट आणि दोन्ही एकत्र आल्यास सुमारे 50 पट होतो. दोन कारणे एकत्र आली की त्यांतील एकाला निर्दोष सोडणे हे शास्त्राला धरून नाही. व्यसनाचा ठपका कामगारावर ठेवला की पुढचे सगळे प्रश्न तिथेच थांबतात, हे मी अनेक घरांत आणि अनेक कारखान्यांत पाहिले आहे, आणि ते मला फार अन्यायाचे वाटते.

नुकसानभरपाईसंबंधी दोन शब्द. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोग हा व्यवसायजन्य रोग म्हणून दाखविलेला होता, आणि ज्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होती त्यांच्यासाठी 1948 च्या ईएसआय कायद्यातही अशीच अनुसूची होती. परंतु 1923 च्या कायद्याने नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली तर ती विचारात घेण्याची सोय केली होती. जो आजार उघड व्हायला 15 ते 40 वर्षे लागतात त्याला दोन वर्षांची मुदत काय कामाची, हे सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही. नोव्हेंबर 2025 पासून हे कायदे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. तरीही दावा अशक्य आहे असे गृहीत न धरता, निवृत्तीची कागदपत्रे, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, विभागाचे नाव असलेली जुनी पगारपत्रके किंवा ओळखपत्र गोळा करून कामगार कायद्याच्या जाणकार वकिलांना दाखवावे. त्याच वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करावी की डिस्चार्जच्या कागदावर केवळ ‘धूम्रपान’ असे न लिहिता, कोणत्या प्रकारच्या कारखान्यात, कोणत्या विभागात आणि किती वर्षे काम केले हेही लिहावे. रुग्णाच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ एवढा एकच शब्द लिहिण्याची पद्धत आपल्या रुग्णालयांत सर्रास आहे, आणि त्यामुळे असे कित्येक आजार कारखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

याचा दुसरा पैलूही लक्षात घेण्यासारखा आहे. 1974 मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे पीव्हीसी बनविणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा हा कर्करोग झाल्याचे उघड झाले. हा रोग इतका विरळ आहे की एकाच कारखान्यात त्याचे तीन रुग्ण सापडताच, ज्यापासून पीव्हीसी बनते त्या व्हिनाइल क्लोराइडकडे बोट दाखविता आले, आणि तेथील हवेतील परवानगीची मर्यादा 500 पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 500 भाग) 1 पीपीएमवर आणण्यात आली. फुप्फुसाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग मात्र इतर कारणांनीही होतो, म्हणून कारखान्यातून आलेले रुग्ण गर्दीत मिसळून जातात. ज्या रोगाची कारणे अनेक, त्याच्या बाबतीत कामाचा इतिहास विचारणे अधिक गरजेचे असते, आणि नेमका तेव्हाच तो विचारला जात नाही.

आता यजमानांकडे वळतो. ‘कर्करोगकारक’ या यादीचा अर्थ आधी समजून घ्यावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे गट करते. पहिल्या गटात सुमारे 130 गोष्टी आहेत. त्यांत बेंझिन, अॅस्बेस्टॉस, बेंझिडीन, व्हिनाइल क्लोराइड, इथिलीन ऑक्साइड, षट्संयुजी क्रोमियम, सिलिकाची स्फटिकी धूळ, डिझेलचा धूर, वेल्डिंगचा धूर अशी आपल्या औद्योगिक वसाहतींत नेहमी भेटणारी नावे आहेत. त्याचबरोबर सूर्यप्रकाश, मद्य आणि सुपारीही आहे. एखादी गोष्ट पहिल्या गटात आहे याचा अर्थ ती माणसात कर्करोग घडवू शकते याचा भक्कम पुरावा आहे, एवढाच होतो. ती किती प्रमाणात घातक आहे, हे तो गट सांगत नाही. म्हणून नाव वाचून घाबरण्यापेक्षा, ते द्रव्य आपल्या माणसाच्या श्वासात आणि कातडीवर किती येते, कोणत्या कामाच्या वेळी येते आणि किती वर्षे येत राहिले आहे, याचा तपास करावा. माझ्या मते कारखान्यातील कर्करोगाविषयी विचारण्याचा खरा प्रश्न हाच आहे.

बेंझिन रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर आघात करते. यकृतात त्याचे रूपांतर होऊन फिनॉल व हायड्रोक्विनोन बनतात, ती मज्जेत जाऊन आणखी विषारी क्विनोन तयार करतात, आणि त्यातून तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. मूत्राशयाच्या मानाने येथे अवधी कमी असतो; काही वर्षांतही आजार दिसू शकतो. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीची कायदेशीर मर्यादा 1987 पासून 1 पीपीएम आहे. त्या मर्यादेखाली सर्व ठीक असते असेही नाही. चीनमधील तिआन्जिन येथील पादत्राणांच्या कारखान्यांत केलेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 1 पीपीएमपेक्षा कमी बेंझिन असलेल्या हवेत काम करणाऱ्यांच्याही पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळल्या.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. वर्षातून एकदा रक्ताचा अहवाल नॉर्मल येणे ही चांगली गोष्ट आहे, परंतु तिचा अर्थ मर्यादित आहे. प्रयोगशाळेच्या नॉर्मल मर्यादा रुंद असतात. एखाद्याच्या पांढऱ्या पेशी नोकरीला लागताना 9,000 असतील आणि पाच वर्षांत हळूहळू 4,500 वर आल्या असतील, तर अहवालावर दरवर्षी ‘नॉर्मल’च लिहून येईल, घसरण मात्र सगळे अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाच दिसणार नाही. म्हणून यजमानांनी नोकरीला लागतानाच्या तपासणीपासूनचे सर्व अहवाल मागून घ्यावेत आणि पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, प्लेटलेट व हिमोग्लोबिन यांचे आकडे तारखेनुसार एका कागदावर उतरवावेत. आकडा सतत खाली येताना दिसला तर तो अजून मर्यादेत आहे म्हणून थांबू नये.

शिवाय रक्ताची ही तपासणी परिणाम दाखवते. संपर्क किती झाला हे ती दाखवत नाही. संपर्क मोजायचा असेल तर पाळी संपताना घेतलेल्या लघवीत म्युकोनिक आम्ल किंवा, त्याहून नेमके, एस-फिनाइल मरकॅप्ट्युरिक आम्ल तपासावे लागते. म्युकोनिक आम्ल तपासायचे असल्यास आदल्या दिवशी डबाबंद सरबते, सॉस यांसारखे परिरक्षक घातलेले पदार्थ टाळावेत, कारण त्यांतील सॉर्बिक आम्लानेही तो आकडा वाढतो. हवेचे मापन करायचे तर ते कामगाराच्या कॉलरला यंत्र लावून पूर्ण पाळीभर करावे लागते. भिंतीवरचे यंत्र खोलीची हवा मोजते, वाकून पंपाचे सील काढणाऱ्या माणसाच्या नाकासमोरची हवा मोजत नाही.

येथे एक गैरसमज मला आवर्जून दूर करावासा वाटतो, कारण तो मेंटेनन्सच्या लोकांत फार खोल रुजलेला आहे. टाकीत उतरण्यापूर्वी स्फोटक वायूचे मीटर लावतात आणि ते शून्य दाखवते, म्हणून हवा स्वच्छ आहे असे समजले जाते. बेंझिनची स्फोटाची खालची मर्यादा हवेच्या 1.2 टक्के, म्हणजे 12,000 पीपीएम आहे. ते मीटर याचे शेकड्यातील भाग दाखवते. म्हणजे मीटरवर 1 चा आकडा उमटायलाही सुमारे 120 पीपीएम बेंझिन असावे लागते. मीटर शून्य दाखवीत असताना माणूस मर्यादेच्या कित्येक पट बेंझिन श्वासात घेत असू शकतो. ते यंत्र आगीपासून वाचविण्यासाठी आहे, आणि त्यासाठी ते आवश्यकही आहे, पण विषबाधेविषयी ते काहीही सांगत नाही. नाकावरही भिस्त ठेवू नये. बेंझिनचा गोडसर वास स्पष्ट जाणवेपर्यंत हवेतील प्रमाण बहुधा 1 पीपीएमच्या वर गेलेले असते, आणि व्हिनाइल क्लोराइड व इथिलीन ऑक्साइड यांचा वास तर मर्यादेच्या शेकडो पट प्रमाण झाल्यावर येतो.

मेंटेनन्सवाल्यांचा संपर्क ऑपरेटरपेक्षा वेगळा असतो. रोजची सरासरी कमी दिसते, पण फ्लँज (पाइपांचे सांधे) उघडणे, गॅस्केट बदलणे, गाळणी साफ करणे, टाकीच्या तळचे पाणी काढणे आणि शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद असताना, टाकीत उतरून गाळ उपसणे, या थोड्या तासांत फार मोठी मात्रा जाते. या कामांत ठेकेदाराचे कामगार सर्वांत पुढे असतात आणि वार्षिक तपासणीच्या यादीत मात्र त्यांची नावे नसतात, ही आपल्या उद्योगांतील गंभीर उणीव आहे. कापडी किंवा धुळीचा मास्क, अगदी एन-95 सुद्धा, बेंझिनची वाफ मुळीच अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो, दाढी असेल तर तोही नीट बसत नाही, आणि बंद टाकीत बाहेरून हवा पुरविणारा संच हवा. नायट्राइलचे हातमोजे तेलासाठी चांगले असले तरी बेंझिन त्यांतून लवकर पार होते. हाताचे ग्रीस काढण्यासाठी पेट्रोल, थिनर किंवा प्लँटमधलाच द्रव वापरण्याची सवय कृपा करून आजच सोडायला सांगावी. मास्कबद्दल एवढे लिहिले तरी मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी पंपाला गळती न होणारे सील, बंद पद्धतीने नमुना घेण्याची सोय, लाईन उघडण्यापूर्वी ती पूर्ण रिकामी करून धुणे, वाफ जागीच खेचून घेणारी यंत्रणा, हे सर्व मालकाने करायचे असते, आणि ते झाले नसेल तर मास्क न घातल्याबद्दल कामगाराला दोष देणे योग्य नाही.

कपड्यांचा प्रश्न थोडक्यात. बेंझिन उडून जाणारे द्रव्य आहे, त्यामुळे कोरड्या झालेल्या कपड्यांतून मुलाला होणारा संपर्क अगदी अल्प असेल. द्रवाने भिजलेला कपडा मात्र घरी आणूच नये. धूळ आणि पावडर यांची गोष्ट निराळी आहे. लंडनमध्ये 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अॅस्बेस्टॉस कारखान्यात स्वतः कधीच न गेलेल्या, केवळ घरच्या माणसाचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांनाही मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग) झाल्याचे आढळले होते. शटडाऊनमध्ये जुन्या पाइपांवरचे इन्सुलेशन काढण्याचे काम यजमानांकडे येत असेल, तर ते कशाचे आहे याची लेखी माहिती घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत आणि तेथेच धुतले जावेत; ते शक्य नसेल तर न झटकता, ओले करून, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

नोकरी सोडावी का, या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देणार नाही, कारण घराचा हप्ता आणि मुलाची शाळा यांचे ओझे मला कळते. आधी माहिती मागावी. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने कामगाराला धोकादायक रसायनांची आणि स्वतःच्या आरोग्याच्या नोंदींची माहिती मिळण्याचा हक्क दिला, आणि व्यवसायजन्य कर्करोग हा त्या कायद्याने सरकारला कळवावयाच्या रोगांपैकी एक होता. यजमानांनी सेफ्टी डेटा शीट (रसायनाच्या धोक्यांचे माहितीपत्रक), कॉलरवरील मापनाचे आकडे आणि लघवीच्या तपासणीचे निकाल लेखी मागावेत. एकट्याने मागणे अवघड वाटत असेल तर सेफ्टी कमिटीतून मागावेत. आकडे मिळाले, ते मर्यादेपेक्षा बरेच खाली असले आणि रक्ताचे आकडे स्थिर असले तर नोकरी सोडण्याचा सल्ला मी देणार नाही. मापनच होत नसेल, किंवा मागूनही ते दाखविले जात नसेल, तर गुजरातच्या औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाकडे जावे आणि त्याच वेळी विभाग बदलून मागावा. रक्ताचे आकडे घसरत असतील तर कारण सापडेपर्यंत बेंझिनजवळ जाऊच नये. पगार कमी झाला तरी चालेल, अशा प्रसंगी माझे मत ठाम आहे.

काहीही ठरले तरी एक काम आज रात्रीच सुरू करावे. एका वहीत कोणत्या वर्षी कोणत्या विभागात होतो, कोणती रसायने होती, कोणत्या शटडाऊनमध्ये कोणत्या टाकीत उतरलो, कधी अंगावर द्रव सांडला, हे यजमानांनी लिहून ठेवावे आणि तपासण्यांच्या प्रती त्याच वहीत लावाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण संशोधन केंद्राने दाखल केलेल्या अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून किमान 40 वर्षे किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षे, यांपैकी जो कालावधी उशिरा संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. तो आदेश देताना न्यायालयाने या रोगांचा लांब अवधी बरोबर ओळखला होता. पण कारखाने विकले जातात, बंद पडतात, नाव बदलतात, आणि तिथली कपाटे रिकामी होतात. सासऱ्यांच्या वेळी अशी वही कोणी ठेवली नाही, म्हणून आज त्यांच्या रुग्णालयाच्या कागदावर ‘निवृत्त’ एवढेच लिहिले जाते.

सासऱ्यांच्या विभागातील जुने सहकारी अजून बडोद्यात, वाघोडिया रोडला किंवा मांजलपूरला, कुठे ना कुठे राहत असतील. त्यांना या निदानाची माहिती द्यावी आणि एवढे सांगावे: लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखत नसले, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबले तरी ते उन्हामुळे किंवा मुतखड्यामुळे झाले असेल असे धरून न चालता त्याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे, रंगांच्या कारखान्यात काम केल्याचे स्वतःहून सांगावे आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. रक्त दिसले नसले तरी वर्षातून एकदा लघवीची साधी व पेशींची तपासणी करावी. मूत्राशयाचा कर्करोग अस्तरापुरता मर्यादित असताना सापडला तर दुर्बिणीतून काढता येतो आणि मूत्राशय वाचते.